नोकरी सोडून प्रगत उत्पादन तंत्रज्ञानात एम.टेक. करावे का? उद्यमबागेतून एक प्रश्न

मलप्रभाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो, नंतर बेळगावातच व्हीटीयूची (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाची) मेकॅनिकलची पदवी घेतली आणि सध्या उद्यमबाग या इथल्या औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात उत्पादन विभागात काम करतो. आमच्याकडे हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी आणि त्यांच्या बोअरमध्ये, म्हणजे आतल्या गोल छिद्रात, सरकणारे दांडे म्हणजे स्पूल तयार होतात. सीएनसी टर्निंग, ग्राइंडिंग आणि होनिंग (बोअर दगडांनी घासून अचूक करणे) ही माझी नेहमीची कामे, शिवाय प्रोसेस शीट लिहिणे आणि रिजेक्शनचा हिशेब ठेवणे हेही माझ्याकडेच असते.

मला प्रगत उत्पादन तंत्रज्ञानात एम.टेक. करावेसे वाटते. त्यामागचे कारण स्पष्ट सांगतो. कारखान्यात काय केले म्हणजे भाग चांगला येतो हे मला हळूहळू कळू लागले आहे, पण तो तसा का येतो हे विचारले तर माझ्याकडे उत्तर नसते. जुने सेटर अनुभवाने फीड, म्हणजे टूल सरकण्याचा वेग, कमी-जास्त करतात आणि बहुतेक वेळा त्यांचे बरोबर असते, परंतु नवा धातू किंवा नवे ड्रॉइंग आले की आम्ही सगळेच चाचपडू लागतो. हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) काम करणारे माझे वर्गमित्र ज्या भाषेत बोलतात, ती मला अर्धीच समजते.

अडचणी अशा आहेत. घरी धाकट्या भावाचे शिक्षण चालू असल्यामुळे दोन वर्षे पगार पूर्ण बंद ठेवणे सोपे नाही. बेळगावातच राहून एम.टेक. केले तर खर्च आटोक्यात राहील, मात्र त्या पदवीला बाहेर किती वजन आहे याविषयी प्रत्येक जण वेगळे सांगतो. गेट या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेची तयारी करून एनआयटीत (राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत) जावे, की पुणे-कोल्हापूरकडे प्रयत्न करावा, हे ठरत नाही. आमचे गाव महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांपैकी असल्याने महाराष्ट्रात काही सवलत मिळते असे ऐकले आहे, पण ती पदव्युत्तर प्रवेशालाही लागू होते का, हे मला सांगू शकेल असा कोणी भेटला नाही. आणि सर्वांत मूलभूत शंका म्हणजे, ज्याला पुन्हा याच भागात येऊन काम करायचे आहे, त्याला या शिक्षणाचा खरोखर उपयोग होतो का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

पाच-अक्ष यांचे उत्तर

आपला शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण त्याचे उत्तर ठरले की बाकीचे निर्णय पुष्कळ सोपे होतात. मी विमानाच्या भागांच्या मशिनिंगमध्ये प्रोसेस इंजिनिअर आहे, तेव्हा माझे म्हणणे त्याच अंगाने वाचावे.

मशिन चालवण्यासाठी, प्रोग्रॅम लिहिण्यासाठी किंवा शिफ्ट सांभाळण्यासाठी एम.टेक. लागत नाही, आणि त्यासाठी कोणी जास्त पगारही देत नाही. ही पदवी उपयोगी पडते ती जो भाग अजून कोणी केलेलाच नाही त्याची प्रक्रिया कागदावर ठरवण्याच्या वेळी. एक उदाहरण देतो. ७०७५ जातीच्या अॅल्युमिनियमची उष्णतावाहकता सुमारे १३० वॅट प्रति मीटर-केल्विन असते, तर विमानात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या टायटेनियम मिश्रधातूची, म्हणजे सहा टक्के अॅल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम असलेल्या धातूची, जेमतेम ७. याचा अर्थ असा की टायटेनियम कापताना तयार होणारी उष्णता चिपबरोबर किंवा जॉबमध्ये निघून न जाता टूलच्या कडेशीच साचते. म्हणून अॅल्युमिनियमवर मिनिटाला कित्येक शे मीटर वेगाने चालणारे कार्बाइड टूल इथे साधारण ४० ते ६० मीटरवर आणावे लागते आणि कूलंट नुसता ओतून भागत नाही, तो उच्च दाबाने थेट कटिंग कडेवर मारावा लागतो. हे आकडे टूल कंपनीच्या कॅटलॉगमध्येही असतात. पण पातळ भिंतीचा भाग कंप पावू लागला, टूल ठरलेल्या वेळेआधीच झिजू लागले किंवा क्लॅम्प सोडल्याबरोबर भाग वाकला, की कॅटलॉगचा उपयोग संपतो. तेव्हा चिप कशी तयार होते, झिजेचे प्रकार कोणते, आणि रोलिंग किंवा फोर्जिंगमुळे धातूत अडकून राहिलेले ताण मटेरियल काढल्यावर कसे मोकळे होतात, हे ज्याने नीट अभ्यासले आहे त्याचेच म्हणणे ऐकले जाते.

विमानाच्या चौकटीतले काही भाग असे असतात की मूळ ठोकळ्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक धातू चिप होऊन जातो. इतके मटेरियल काढताना क्रम चुकला तर तीस-चाळीस तासांचे काम भंगारात जाऊ शकते, कारण शेवटच्या पासमध्ये भाग केळ्यासारखा वाकतो. कोणती बाजू आधी काढायची, किती वेळा पलटायचे, मध्ये स्ट्रेस रिलीव्ह (तापवून ताण घालवणे) करायचे की नाही, हे निर्णय मशिनवर उभे राहून घेता येत नाहीत. ते आधीच घ्यावे लागतात आणि त्यांची कारणे लिहून ठेवावी लागतात, कारण परदेशी ग्राहकाचा ऑडिटर नेमके तेच विचारतो. एएस ९१०० ही गुणवत्ता प्रणाली आणि हीट ट्रीटमेंट, अॅनोडायझिंग, विनाविध्वंस तपासणी यांसारख्या विशेष प्रक्रियांसाठी लागणारी नॅडकॅप मान्यता, या दोन्हींत ‘आमचा अनुभव असा आहे’ हे उत्तर चालत नाही. आपल्या वर्गमित्रांची भाषा आपल्याला अर्धी समजते, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

हत्तरगीचे सेझ हुक्केरी तालुक्यात, कोल्हापूरकडे जाणाऱ्या महामार्गालगत आहे. त्याची खासियत अशी की मशिनिंग, फोर्जिंग, पृष्ठभाग-प्रक्रिया आणि जुळणी ही कामे एकाच आवारात होतात. या भागातल्या मुलाला असे काम पाहण्यासाठी पूर्वी बेंगळुरू किंवा हैदराबाद गाठावे लागत असे. त्यामुळे ‘परत येऊन काय करणार’ ही शंका मला तितकीशी रास्त वाटत नाही. मात्र एक सांगून ठेवतो. भरती करताना आम्ही पदवीचे नाव शेवटी पाहतो आणि प्रबंधाचा विषय आधी विचारतो. ज्याने दोन वर्षे नुसते सॉफ्टवेअरवर विश्लेषण करून रंगीत चित्रे छापली आहेत, त्याच्यापेक्षा ज्याने स्वतः टूल झिजवले, झीज सूक्ष्मदर्शकाखाली मोजली आणि आलेख चुकीचा का आला हे सांगितले, त्याला मी कधीही आधी घेईन. पाच-अक्षीय मशिन कॉलेजात असलेच पाहिजे असे नाही. तीन-अक्षीय मशिनवर डायनॅमोमीटर (कापण्याचा जोर मोजणारे उपकरण) बसवून केलेला प्रामाणिक प्रयोग पुरतो.

निवृत्त अध्यापक, टिळकवाडी यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे. प्रवेशाच्या वाटांविषयी मात्र आपल्या भागात इतके गैरसमज आहेत की त्यांवर थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली वाट गेटची. मेकॅनिकलच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेक जण डोळे मिटून एमई हा पेपर निवडतात. उत्पादन आणि औद्योगिक अभियांत्रिकीचा पीआय हा स्वतंत्र पेपर आहे, हे अनेकांच्या गावीही नसते. त्यात उत्पादन प्रक्रिया, गुणवत्ता व विश्वासार्हता, औद्योगिक अभियांत्रिकी आणि ऑपरेशन्स रिसर्च यांवर भर असतो, म्हणजे आपण रोज करता त्या कामाला तो अधिक जवळचा आहे. अनेक एनआयटींतील मॅन्युफॅक्चरिंगच्या एम.टेक.ला दोन्ही पेपरांचे गुण चालतात. आता एका उमेदवाराला ठरावीक जोड्यांतून दोन पेपर देण्याचीही मुभा असते, तेव्हा अर्ज भरताना त्या वर्षी ही जोडी उपलब्ध आहे का ते पाहावे. परीक्षा तीन तासांची आणि १०० गुणांची. त्यांपैकी १५ गुण सामान्य अभियोग्यतेचे असतात आणि नोकरी करणारा माणूस तेच सर्वांत स्वस्तात मिळवू शकतो. गुणांक तीन वर्षे ग्राह्य धरला जातो. म्हणून नोकरी न सोडता यंदा परीक्षा द्यावी, घरची घडी बसू द्यावी आणि पुढच्या किंवा त्यापुढच्या वर्षी प्रवेश घ्यावा, हा मार्ग आपल्याला पूर्ण मोकळा आहे.

गेटचा दुसरा लाभ पैशांचा. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने मान्य केलेल्या संस्थेत गेटच्या गुणांकावर पूर्णवेळ एम.टेक.ला प्रवेश घेतल्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन दोन वर्षांपर्यंत मिळते, आणि आयआयटी-एनआयटींतही तेवढीच रक्कम असते. अट अशी की त्या काळात दुसरा पगार किंवा विद्यावेतन घेता येत नाही, आणि विभागात आठवड्याला काही तास अध्यापन-साहाय्य किंवा प्रयोगशाळेचे काम करावे लागते. ही रक्कम आपल्या पगाराची जागा घेणार नाही, पण वसतिगृह आणि खाणावळ यांचा बहुतेक भार त्यातून निघतो. बेळगावातल्याच मान्यताप्राप्त महाविद्यालयात गेटवर प्रवेश घेतला तरीही ती मिळू शकते, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

दुसरी वाट कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या पीजीसीईटी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची. सर्वसाधारण गटाला पदवीत ५० टक्के आणि राखीव गटांना ४५ टक्के गुण आवश्यक असतात. इथे कागदपत्रे हा खरा अडथळा ठरतो, विशेषतः निपाणी-चिक्कोडीकडच्या ज्या मुलांचे काही शिक्षण कोल्हापूर जिल्ह्यात झाले आहे त्यांच्यासाठी. कर्नाटकात किती वर्षे शिकलो याचे दाखले शाळेपासूनचे लागतात आणि ते गोळा करण्यात आठवडे जातात. आपले सगळे शिक्षण इकडेच झालेले दिसते, तेव्हा आपल्याला ही अडचण येऊ नये. प्रसंगाने आणखी एक गोष्ट. घटनेच्या ३७१-जे कलमाखालील आरक्षण बिदर, कलबुर्गी, रायचूर या कल्याण-कर्नाटकाच्या पट्ट्याला आहे, बेळगावला नाही. दर वर्षी कोणीतरी त्या आशेवर अर्ज भरतो.

तिसरी वाट महाराष्ट्राची. तेथील पदवी अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषिक उमेदवारांसाठी स्वतंत्र उमेदवारी-प्रकार आहे. गाव त्या ८६५ गावांपैकी असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा, असे दोन दाखले त्यासाठी विहित नमुन्यात द्यावे लागतात. पदव्युत्तर प्रवेशाची माहिती-पुस्तिका वेगळी निघते. म्हणून एम.टेक.साठी त्या पुस्तिकेतील उमेदवारी-प्रकारांचे पान स्वतः वाचावे आणि पदवीच्या वेळी शेजारच्याला काय मिळाले त्यावरून अंदाज बांधू नये. तोपर्यंत दाखले मात्र काढून ठेवावेत. शेवटच्या आठवड्यात तहसील कार्यालयात रांगेत उभे राहण्यात काही शहाणपणा नाही.

आता ‘वजना’विषयी. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय आपल्याच गावात आहे, तरी बेळगावकर त्याच्या पदवीकडे जरा कमीपणाने पाहतात. घरची कोंबडी डाळीबरोबर, दुसरे काय! मुद्दा विद्यापीठाच्या नावाचा नसून त्या विभागात त्या वर्षी किती विद्यार्थी आहेत याचा आहे. खाजगी महाविद्यालयांत एम.टेक.च्या अनेक जागा रिकाम्या राहतात हे उघड गुपित आहे. वर्गात चार विद्यार्थी असले, तर व्याख्याने नावापुरती होतात आणि प्रयोगशाळेचे कुलूप मात्र सहज उघडून मिळते. शिस्तीने स्वतः अभ्यास करणाऱ्याला ही परिस्थिती फायद्याचीही ठरू शकते. वर्गमित्रांकडून शिकण्याची ज्याची प्रकृती आहे, त्याने एनआयटीच गाठावी. सुरतकल, वरंगळ आणि तिरुचिरापल्ली या तिन्ही ठिकाणी मॅन्युफॅक्चरिंगचा अभ्यासक्रम आहे, आणि सुरतकल तर घाट उतरला की आलेच. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत स्मार्ट मॅन्युफॅक्चरिंगचे एम.टेक. आहे, पण तिथे प्रवेशाची स्पर्धा फार मोठी असते.

प्रवेश घेण्यापूर्वी कोणत्याही विभागात जाऊन मागील दोन-तीन वर्षांचे प्रबंध पाहायला मागा. ग्रंथालयात ते असतातच. त्यांत प्रयोग किती आणि केवळ संगणकीय नमुने किती, मोजमापे कोणत्या उपकरणावर घेतली, ते उपकरण आजही चालू आहे का, आणि मार्गदर्शक अजून तिथेच आहेत का, एवढे पाहिले की माहिती-पत्रकाची गरज उरत नाही.

ओतकामगार यांचे उत्तर

सर्वांचा मान राखून थोडे वेगळे लिहितो. आमची लहानशी फाउंड्री आहे आणि आम्ही पंप व व्हॉल्व्हच्या बॉडी ओततो. एम.टेक. झालेली मुले आमच्याकडे येतात, सहा महिने राहतात आणि पुणे-बेंगळुरूला निघून जातात. त्यांचा मी राग धरीत नाही, कारण आम्ही जो पगार देतो तो त्यांनी घालवलेल्या दोन वर्षांची भरपाई करीत नाही. ‘या भागात खरोखर उपयोग होतो का’ या प्रश्नाला एरोस्पेसचे उत्तर एक आणि उद्यमबाग-मच्छेतल्या लहान कारखान्यांचे उत्तर दुसरे, हे प्रश्नकर्त्याने लक्षात ठेवावे.

ज्याला नोकरी न सोडता कौशल्य वाढवायचे आहे त्याने गव्हर्न्मेंट टूल रूम अँड ट्रेनिंग सेंटरकडे आधी पाहावे. त्यांचे केंद्र बेळगावातच आहे आणि सीएनसी, टूल डिझाइन, कॅड-कॅम यांचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम तिथे चालतात. बेंगळुरूची सेंट्रल मॅन्युफॅक्चरिंग टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट ही १९६२ पासूनची संस्थाही उद्योगातल्या लोकांसाठी छोटी प्रशिक्षणे घेते. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणमंचावर आयआयटीच्या प्राध्यापकांची मेटल कटिंग आणि कास्टिंगवरची संपूर्ण व्याख्याने फुकट आहेत. रात्री जेवणानंतर एक तास दिला तर वर्षभरात एम.टेक.च्या पहिल्या दोन सत्रांतले निम्मे ज्ञान पदरात पडते, पदवी तेवढी मिळत नाही.

मात्र कोणाला ओतकामातच खोल जायचे असेल, तर रांचीची राष्ट्रीय संस्था विसरू नये. १९६६ साली ती फाउंड्री आणि फोर्जच्या शिक्षणासाठी सुरू झाली आणि आता तिचे नाव नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अॅडव्हान्स्ड मॅन्युफॅक्चरिंग टेक्नॉलॉजी असे आहे. बेळगाव आणि कोल्हापूर मिळून एवढा मोठा फाउंड्रीचा पट्टा असताना आपली मुले तिकडे फारशी का जात नाहीत, हे मला आजवर उलगडलेले नाही. लांब पडते, हे खरे. पण वाळूतला ओलावा तीन-साडेतीन टक्क्यांवरून अर्धा टक्का वर सरकला की कास्टिंगमध्ये वायूची छिद्रे का वाढतात, आणि परत वापरलेल्या वाळूतले मृत बेंटोनाइट (वाळू बांधून धरण्याची शक्ती गेलेली माती) कसे ओळखायचे, हे शिकवणाऱ्या जागा देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. आता पॅटर्न (साचा घडवण्याचा नमुना) न बनवता वाळूचे साचे थेट छापण्याचे बाइंडर जेटिंग तंत्र आले आहे. मोठ्या संख्येच्या मालाला ते परवडत नाही, पण नव्या बॉडीचे पहिले पाच-दहा नमुने काढायला पॅटर्नमेकरसाठी महिनाभर थांबावे लागत नाही. या विषयात कोणी नीट शिकून परत आला, तर त्याला पगार कसा द्यायचा याचा विचार आम्ही चार कारखानदार मिळूनही करू.

मलप्रभाकाठ यांचे प्रत्युत्तर

सर्वांचे मनापासून आभार. प्रबंधाचा विषय आधी ठरवावा, हा विचार माझ्या मनात आला नव्हता. आमच्याकडे एक जुनी तक्रार आहे, ती मांडतो. स्पूल आणि बोअर यांच्यातील फट काही मायक्रॉनांचीच ठेवावी लागते. दोन्ही भाग तपासणीत पास होतात आणि तरीही जोडणीनंतर चाचणीच्या बाकावर काही व्हॉल्व्हमधून अंतर्गत गळती मर्यादेबाहेर जाते. मग स्पूल बदलून पाहणे, पुन्हा होनिंग करणे, जोड्या जुळवणे यांत दिवस जातो. असा विषय एम.टेक.च्या प्रबंधाला पुरेल का? की तो फारच लहान आणि कारखानी वाटेल?

निवृत्त अध्यापक, टिळकवाडी यांचे उत्तर

तो लहान मुळीच नाही. यावर दोन सत्रे आनंदाने घालवता येतील. कशी ते सांगतो.

स्पूलभोवतीच्या गोलाकार फटीतून होणारी गळती त्या फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. दाब, व्यास, तेलाची विष्यंदिता (घट्टपणा) आणि लँडची, म्हणजे स्पूलच्या फट राखणाऱ्या पट्ट्याची, लांबी तीच ठेवून फट दुप्पट झाली, तर गळती आठपट होते. फट ६ मायक्रॉनऐवजी ८ झाली, तरी ती जवळजवळ २.४ पट होते. त्यात आणखी भर म्हणजे स्पूल बोअरच्या मध्यावर न राहता एका बाजूला पूर्ण टेकला, तर सरासरी फट तीच असूनही गळती अडीचपट होते. म्हणजे दोन्ही व्यास टॉलरन्समध्ये असूनही व्हॉल्व्ह नापास होणे यात आश्चर्य काहीच नाही. आपण बहुधा व्यास मोजता. गळती ठरते ती मात्र बोअरची दंडगोलता, सरळपणा आणि आडव्या छिद्रांच्या तोंडाशी राहिलेली बर (धातूची बारीक कड) यांच्यावरून.

दुसरी शक्यता तापमानाची. मोजमापाचे प्रमाण तापमान जगभर २० अंश सेल्सिअस मानले जाते. पोलाद दर मीटरला दर अंशामागे साधारण ११.५ मायक्रॉन प्रसरण पावते. २० मिलिमीटर व्यासाचा स्पूल ग्राइंडिंगहून ३५ अंशांवर ताजा उतरवला आणि तसाच मोजला, तर तो जवळजवळ साडेतीन मायक्रॉनने मोठा दिसेल. फटच जिथे सहा मायक्रॉनची आहे, तिथे अर्ध्याहून अधिक फट थर्मामीटरने खाल्ली! एप्रिलमधला माल आणि पावसाळ्यातला माल यांच्या रिजेक्शनच्या नोंदी वेगळ्या काढून पाहा. बेळगावच्या हवेत हा फरक दिसू शकतो.

म्हणून प्रबंधाची सुरुवात होनिंगपासून न करता मोजमापापासून करावी. आपल्या एअर गेजचा (हवेच्या दाबाने व्यास मोजणाऱ्या उपकरणाचा) गेज आर अँड आर अभ्यास आधी करा: एकच भाग वेगवेगळ्या तपासनीसांनी पुन्हा पुन्हा मोजला, तर आकडे किती हलतात ते पाहा. मोजमाप-पद्धतीतला फरक टॉलरन्सच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर गेज विश्वासार्ह, ३० टक्क्यांच्या वर गेला तर त्या गेजवर घेतलेला कोणताही निर्णय म्हणजे नाणेफेक. हे झाल्यावर होनिंगचे घटक हाती घ्यावेत, म्हणजे दगडाची ग्रिट, दाब, स्ट्रोकचा वेग आणि वेळ. चार घटक, प्रत्येकी तीन पातळ्या घेतल्या तर सर्व जुळण्यांना ८१ प्रयोग लागतात, तागुची पद्धतीच्या एल-९ या निवडक प्रयोगांच्या सारणीने ते ९ वर येतात. परीक्षकांना ती सारणी फार आवडते. मला स्वतःला ती इथे पटत नाही, कारण दाब आणि ग्रिट यांचा एकमेकांवर होणारा परिणाम तीत वेगळा ओळखता येत नाही, आणि होनिंगमध्ये नेमका तोच महत्त्वाचा असतो. दोनच पातळ्या घेऊन १६ प्रयोगांची पूर्ण रचना करावी. दगड थोडे जास्त लागतील, पण निष्कर्ष टिकेल.

व्यवहाराची बाजूही आताच पाहून ठेवावी. अनेक ठिकाणी तिसऱ्या-चौथ्या सत्रात इंटर्नशिप आणि प्रकल्प उद्योगात करता येतो. मालकांना आताच भेटून विचारा की प्रकल्पासाठी मशिन, होनिंगचे दगड आणि चाचणीचा बाक ठरावीक दिवशी देता येईल का, आणि आकडेवारी प्रबंधात छापायला त्यांची हरकत कोणत्या मर्यादेपर्यंत आहे. ही संमती लेखी घ्यावी. ग्राहकाचे नाव आणि पार्ट नंबर वगळला तर बहुतेक मालक तयार होतात. असे पत्र हाती असेल, तर एनआयटीतही मार्गदर्शक मिळवणे सोपे जाते, कारण उद्योगातून आलेला खरा प्रश्न तिथल्या प्राध्यापकांनाही हवाच असतो.

ओतकामगार यांचे उत्तर

सरांच्या मुद्द्यात एक भर घालतो. बॉडी बीडाची असेल, तर मशिनिंगआधी कास्टिंगमध्ये ताण उरले आहेत का तेही पाहा. नॉकआउट (साचा फोडून कास्टिंग बाहेर काढणे) घाईने केलेली बॉडी होनिंगच्या दिवशी सरळ असते आणि आठवड्याने बोअरचा आकार हलतो. दोन लॉट निवडून एकाला स्ट्रेस रिलीव्ह करावे, दुसऱ्याला नाही, आणि दोन्हींचे बोअर होनिंगनंतर लगेच आणि पंधरा दिवसांनी मोजावेत. कास्टिंग आमच्याकडून गेलेली असोत वा दुसऱ्या कोणाकडून, एका लॉटच्या हीट ट्रीटमेंटचा खर्च मी उचलतो. निकाल मात्र आम्हालाही दाखवावा.

मलप्रभाकाठ यांचे प्रत्युत्तर

गेटसाठी एमई आणि पीआय अशी जोडी उपलब्ध असली तर यंदा दोन्ही पेपर भरायचे आणि नोकरी तूर्त चालू ठेवायची असे ठरवले आहे. गेज आर अँड आर प्रवेशाची वाट न पाहता पुढच्या आठवड्यातच घेतो. तीन तपासनीस आणि दहा स्पूल पुरतील असे वाटते, कमी पडत असतील तर सरांनी कळवावे. कास्टिंगच्या दोन लॉटविषयी ओतकामगार यांना स्वतंत्र संदेश पाठवला आहे.

निवृत्त अध्यापक, टिळकवाडी यांचे उत्तर

दहा स्पूल आणि तीन तपासनीस पुरेसे आहेत. प्रत्येकाने प्रत्येक स्पूल तीन वेळा मोजावा, क्रम प्रत्येक वेळी बदलावा आणि आधीचा आकडा कोणालाही दाखवू नये. दहाही स्पूल एकाच तासात उतरलेले घेऊ नयेत. उत्पादनातला सगळा फरक त्यांच्यात दिसेल असे वेगवेगळ्या दिवसांचे निवडावेत आणि आदल्या रात्री गेजच्याच खोलीत ठेवावेत.